साठ अंश, की एकशेवीस?

शाळेत कॉम्प्युटर आले तेव्हा त्यांच्यासंबंधीचं पहिलं काम माझ्याकडे आलं, ते त्यांना झाकणं शिवायचं.

"बाई, तुमच्याकडे शिलाई मशीन आहे ना?" हेडसरांनी विचारलं. "आपल्याकडे धूळ फार."

धूळ होतीच. ऐंशीच्या दशकाचा मधला काळ. वाशी तेव्हा अर्धी बांधून झालेली आणि अर्धी नकाशात. सेक्टरच्या पाट्या लागलेल्या, पण पाटीमागे खडी आणि गवत. कांदा-बटाट्याच्या मार्केटकडे जाणारे ट्रक शाळेसमोरून जायचे आणि वर्गातल्या बाकांवर लाल थर बसायचा. मी घरातल्या जुन्या निळ्या पडद्याची चार झाकणं शिवली. दोन यंत्रांना दोन, त्यांच्या टीव्हीसारख्या स्क्रीनना दोन. टेपरेकॉर्डरला रुमाल पुरला. त्या टेपरेकॉर्डरमध्ये साधी कॅसेट घालून प्रोग्राम यंत्रात भरायचा असे.

आठवड्याने दुसरं काम आलं. मुलांना ते शिकवायचं.

मी गणिताची शिक्षिका. नऊ वर्षं झाली होती नोकरीला. गणिताच्या बाईंना कॉम्प्युटर येणारच, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. मला तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणाला मुंबईला पाठवलं. तिथे शिक्षक ढीगभर आणि यंत्रं मोजकी. माझे हात यंत्राला लागले ते तीन वेळा. बाकीचा सगळा वेळ फळ्यावरचं वहीत उतरवण्यात गेला. वही भरली, डोकं रिकामं राहिलं.

माझा स्वभाव मुळातच स्वस्थ बसण्याचा नाही. एखादी गोष्ट कळली नाही की माझ्या हातापायांना ते आधी समजतं. पेनाचं टोपण चावते, उभ्या उभ्या जेवते, एकाच कपड्याची दोनदा घडी घालते. पण वर्गात जाताना मला कधी धाकधूक झाली नव्हती. आता मंगळवार आणि शुक्रवार, म्हणजे कॉम्प्युटरच्या तासाचे दिवस, आले की मी सकाळपासून वहीची पानं उलटत बसायची. आपण न समजलेलं शिकवतोय आणि हे कोणाच्या लक्षातही येत नाहीये, या दोन्ही गोष्टींचा त्रास व्हायचा. दुसऱ्या गोष्टीचा जास्त.

कॉम्प्युटरची खोली कुलपात. किल्ली हेडसरांच्या टेबलाच्या खणात. आत जायचं तर चपला बाहेर, रांगेने, आवाज नाही. एका मुलाने एक बटण दाबायचं आणि मागे व्हायचं. त्यामुळे खरं शिकवणं फळ्यावरच चालायचं. कॉम्प्युटरचे भाग, लूपची म्हणजे त्याच त्या हुकमांच्या फेऱ्यांची व्याख्या, अटीची व्याख्या. मुलं पाढे म्हणतात तशी व्याख्या म्हणायची. सहामाहीला बहुतेकांनी लूपची व्याख्या चोख लिहिली. एक ते दहा आकडे छापणारा प्रोग्राम मात्र कोणालाच जमला नाही. मी पेपर तपासत होते आणि प्रत्येक पेपरमध्ये माझीच वही परत दिसत होती.

त्याच सुमारास वर्गातल्या एका मुलीने मला अडवलं. आठवीत होती, सारसोळ्याची. तिच्या गावातली शाळा सातवीपर्यंत, म्हणून बसने वाशीला यायची. वडील खाडीत मासेमारी करत, आई मासे विकायची. पोरगी उंच, काटक, आणि बाकावर कधीच नीट न बसणारी. सगळ्या शिक्षकांची तिच्याबद्दल तक्रार एकच, पाय हलवते. गणितात जेमतेम पास. मी फळ्यावर एक ते दहा मोजणारा लूप लिहिला होता आणि ती उभी राहिली.

"बाई, दहावर गेल्यावर त्याला कोन सांगते थांब म्हनून?"

"ते आपोआप थांबतं," मी म्हणाले. "बस खाली."

ती बसली. पण आपण खोटं बोललो हे मला ठाऊक होतं. आपोआप म्हणजे काय, हे मलाच माहीत नव्हतं. पुढचे कितीतरी दिवस भाजी चिरताना, बसची वाट बघताना तिचा प्रश्न माझ्या मागे होता. कोण सांगतं थांब म्हणून?

मग एका शुक्रवारी हेडसर मीटिंगला गेले आणि किल्ली त्यांच्याबरोबर गेली. चाळीस मुलं व्हरांड्यात चपला काढून उभी, दार बंद. परत वर्गात नेऊन पुन्हा व्याख्या घ्यायच्या, या कल्पनेनेच मला कंटाळा आला. वैतागून मी म्हणाले, "ठीक आहे. यंत्र नाही तर नाही. तुमच्यातलाच एक यंत्रमानव होईल. त्याला चारच शब्द कळतात. पुढे, डावीकडे, उजवीकडे, थांब. डोळे मिटलेले. बाकीच्यांनी हुकूम देऊन त्याला पाण्याच्या टाकीपर्यंत न्यायचं. कोण होतंय?"

सारसोळ्याची पोरगी वाक्य संपायच्या आत पुढे आली. डोळे मिटून ताठ उभी राहिली.

"पुढे!" कोणीतरी ओरडलं.

तिने एक पाऊल टाकलं आणि थांबली.

"अगं चाल ना!"

हलली नाही. 'चाल ना' तिच्या चार शब्दांत नव्हतं.

"दहा पावलं पुढे!"

सातव्या पावलाला भिंत आली. ती भिंतीला नाक लावून उरलेली तीन पावलं जागच्या जागी आपटत राहिली. मुलं हसून लोळायची बाकी होती. मीही हसले. मग हुशार म्हणून ओळखला जाणारा एक मुलगा म्हणाला, "भिंत येईपर्यंत पुढे."

ती डोळे मिटूनच म्हणाली, "मना भिंत दिसत नाय. मी यंत्र हाय."

बराच वेळ कुजबुज चालली. शेवटी त्यांनी तिला हात पुढे करायला लावला आणि नवा हुकूम तयार केला. एक पाऊल टाक. हाताला काही लागलं का बघ. लागलं तर थांब, नाही लागलं तर पुन्हा पहिल्यापासून. ती निघाली. एक पाऊल, चाचपणी, एक पाऊल, चाचपणी. टाकीला हात लागला आणि ती थांबली. मुलांनी आरडाओरडा केला.

मी व्हरांड्याच्या कठड्याला टेकून उभी होते. प्रशिक्षणात उतरवलेली अट आणि लूप मला त्या क्षणी पहिल्यांदा कळले. थांब म्हणून आपणच सांगायचं असतं, आधीच, आणि प्रत्येक पावलाला विचारायचं असतं. 'आपोआप' असं काही नसतं.

घरी जाऊन मी पर्स ठेवायच्या आत नवऱ्याला हे सांगितलं. तो ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका केमिकल कारखान्यात यंत्रदुरुस्तीला होता. मोजमापाची उपकरणं, व्हॉल्व्ह, पॅनेल हे त्याचं काम. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आमच्या टाकीतला तरंगता गोळा दुसरं काय करतो? पाणी वर आलं का, आलं का, आलं का. आलं की पंप बंद."

"मग हे मला प्रशिक्षणात कोणी का नाही सांगितलं?"

"तू मला कधी विचारलंस?"

त्यानंतर मी वेगळ्याच प्रकारे अस्वस्थ झाले. आधी पळून जावंसं वाटायचं, आता शुक्रवार लवकर येत नाही म्हणून जीव खालीवर व्हायचा. आम्ही प्रत्येक प्रोग्राम आधी व्हरांड्यात चालून बघायला लागलो. मगच तो कागदावर आणि कागदावरून यंत्रावर. मुलांना सगळ्यात जास्त काय हवंय हे मी विचारलं, तेव्हा एकमुखाने उत्तर आलं, गेम.

मला गेम येत नव्हता. मुलांनाही नव्हता. महिनाभर खटपट करून आम्ही एक केला. स्क्रीनवर चांदणीच्या चिन्हांच्या दोन ओळी, म्हणजे खाडीचे दोन काठ. मध्ये एक अक्षर, ती होडी. काठ वाकडेतिकडे होत वरून खाली सरकायचे आणि दोन बटणांनी होडी डावी-उजवीकडे न्यायची. काठाला लागली की खेळ संपला. पहिल्यांदा ती होडी हलली तेव्हा मुलं स्क्रीनच्या इतकी जवळ गेली, की मलाच काही दिसेना.

सारसोळ्याची पोरगी मात्र हात बांधून मागे उभी होती.

"बाई, ही होरी खोटी हाय."

"का गं?"

"बटन सोडलं की जागच्या जागी ऱ्हाते. पान्यात असं नाय होत. करावे गावाच्या अंगाला ओहोटीला गेलं, तर वल्ही नाय मारली तरी होरी जाते. पानी नेते तिला."

दुसऱ्या कोणी असं म्हटलं असतं तर मी 'पुढच्या वेळी बघू' म्हणून टाळलं असतं. पण तिच्या आवाजात राग होता. कोणीतरी तिच्या घराबद्दल चुकीचं लिहिलंय, असा. मी विचारलं, "मग काय करायचं?"

आम्ही तिघंचौघं फळ्यासमोर बसलो. होडी कुठल्या जागी आहे हा एक आकडा. दर खेपेला त्यात आणखी काहीतरी मिळवायचं, बटण दाबा किंवा नका दाबू. भरती असेल तर एका बाजूला, ओहोटी असेल तर उलट, म्हणजे वजा. त्या आकड्याला नाव हवं होतं. तिने इंग्रजी अक्षरांत PANI लिहिलं. मग म्हणाली, "हा बदलता पायजे. थोरा वेल भरती, थोरा वेल ओहोटी." आणि तो बदलायला लागला.

नऊ वर्षं मी मुलांना 'क्ष' शिकवत होते. क्षच्या पोटात काय असतं, हे मला कोणी विचारलं नव्हतं आणि मीही कोणाला सांगितलं नव्हतं. इथे आठवीतली मुलं आपसात भांडत होती, PANI आत्ता किती आहे, उणे दोन की उणे तीन, आणि भांडता भांडता ऋण संख्यांची बेरीज करत होती.

त्या भांडणाचा आवाजच हेडसरांपर्यंत गेला.

ते दारात उभे राहिले तेव्हा एक मुलगा होडी वाचवायला ओरडत होता. हेडसर स्वभावाने कडक होते, पण वाईट नव्हते. आयुष्यभर कमी साधनांत शाळा चालवलेला माणूस. त्यांच्या दृष्टीने ती खोली म्हणजे देव्हारा होता.

"हे काय चाललंय? गेम?"

"सर, मुलांनीच लिहिलाय..."

"सरकारने यंत्रं गेम खेळायला दिलीत का, बाई? एक बटण तुटलं तर मला लेखी उत्तर द्यावं लागतं. तुम्हाला नाही." त्यांनी मुलांना बाहेर काढलं, स्वतः स्विच बंद केला आणि कुलूप लावलं. केलेला सगळा प्रोग्राम यंत्रातून गेला. आदल्या तासाची कॅसेट होती म्हणून निभावलं.

दोन आठवडे खोली उघडली नाही. मी मधल्या सुट्टीत त्या दारावरून उगाच चकरा मारायची. मुलं विचारायची, "बाई, कधी?" मी म्हणायची, "बघू." वर्गात फळ्याकडे तोंड केलं की पाठीवर चाळीस जणांचे डोळे जाणवायचे. नवरा म्हणाला, "जाऊन बोल ना त्यांच्याशी. घरात फेऱ्या मारून काय होणार?"

शेवटी एका दुपारी मी हेडसरांच्या केबिनमध्ये गेले. काय बोलायचं ते पाठ केलं होतं, पण तोंडातून भलतंच निघालं.

"सर, तुम्ही एकदा खेळून बघा."

त्यांना काय वाटलं कोण जाणे, खणातून किल्ली काढली.

मी कॅसेट लावली. प्रोग्राम भरेपर्यंत काही मिनिटं गेली. होडी आली. सरांनी दोन बोटांनी दोन बटणं धरली. पहिल्या वळणालाच होडी काठाला लागली.

"ही आपोआप का सरकते?"

"ओहोटी आहे, सर."

"मग उलट दिशेने आधीच दाबायला हवं."

"हो."

दुसऱ्यांदा जरा पुढे गेले. तिसऱ्यांदा भरती लागली आणि पुन्हा आपटले. सुट्टी संपल्याची घंटा झाली, ती त्यांनी ऐकली नाही. मग एकदम त्यांनी हात काढले आणि विचारलं, "हे पाणी कुठे लिहिलंय?"

मी ओळी स्क्रीनवर आणल्या. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून PANI असलेली प्रत्येक ओळ बोट लावून वाचली.

"हे कोणी सुचवलं?"

मी सांगितलं. त्यांनी त्या मुलीचं नाव पुन्हा विचारून घेतलं, कारण आतापर्यंत ते त्यांच्या कानावर तक्रारीतच आलं होतं. मग उठले. "पहिल्यासारखे आठवड्यातून दोन दिवस. तुम्ही स्वतः हजर असल्याशिवाय नाही. आणि आवाज कमी." दारातून मागे वळून म्हणाले, "काठ फार अरुंद ठेवलेत."

त्या दिवसापासून आम्हाला धीर चढला. स्क्रीनवरची होडी हलते, तर जमिनीवर खरोखरची गाडी का हलू नये, असं मुलांच्या डोक्यात आलं. मी नवऱ्याच्या मागे लागले. त्याने दोन रविवार घालवून भंगारातून मोटारगाडीच्या वायपरच्या दोन मोटारी आणल्या. प्लायवुडच्या तुकड्यावर त्या बसवल्या, चाकं लावली, मागे चहाच्या ट्रॉलीचं एक गिरकी घेणारं चाक. कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूला बाहेरची उपकरणं जोडायची सोय होती, तिथून एक डबा आणि डब्यातून लांब वायर गाडीपर्यंत. तो डबा म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने टकटक उघडणारे-मिटणारे स्विच, रिले म्हणतात ते. गाडीच्या बरोबर मध्ये खडू बांधायला भोक. गाडी जाईल तिथे रेघ उमटेल.

पहिल्या दिवशी गाडीला 'सरळ जा' सांगितलं आणि ती डावीकडे वळून बाकाखाली शिरली. एक मोटार दुसरीपेक्षा मंद होती. नवरा म्हणाला, "मी मोटार बदलून आणतो." मुलं म्हणाली, नको. त्यांनी मंद चाकाला थोडा जास्त वेळ द्यायचं प्रोग्राममध्येच लिहिलं. किती जास्त, हे शोधायला आठवडा गेला. फरशीवर एवढ्या रेघा झाल्या की शिपाईमामा माझ्यावर रुसले. पण गाडी सरळ जायला लागली. मग इतके अंश वळ म्हटलं की तितकी वळायला लागली. चौकोन जमला, चार बाजू, चार वेळा नव्वद.

ठाण्याला एका शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. हेडसरांनी स्वतःच आमचं नाव दिलं. टॅक्सीत मांडीवर यंत्र घेऊन ते पुढे बसले, मागे मी, सारसोळ्याची पोरगी आणि वायर धरायला तिची एक मैत्रीण. वायर चाकात अडकू नये म्हणून ती सतत कोणीतरी उचलून धरावी लागायची.

सकाळभर चौकोन चांगला निघाला. लोक येत होते, बघत होते, 'रोबोट, रोबोट' म्हणत होते. दुपारी परीक्षक आले. एका इंजिनिअरिंग कॉलेजातले वयस्क प्राध्यापक, हातात फाइल. त्यांनी चौकोन पाहिला आणि मुलीला विचारलं, "हे कोणी बनवलं?"

"गारी बाईंच्या घरच्यांनी बनवली. चालवतो आमी."

"अस्सं. मग मला त्रिकोण काढून दाखव. तिन्ही बाजू सारख्या."

आम्ही त्रिकोण कधी केला नव्हता. पोरगी कळफलकासमोर बसली. परीक्षकांनी घड्याळ बघितलं. तिने तीन बाजू लिहिल्या आणि वळण्याच्या आकड्यापाशी थांबली. माझ्याकडे बघितलं.

मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला होते. बोलायचं नव्हतं, हे मला माहीत होतं. मी नखं तळहातात रुतवून उभी होते. समभुज त्रिकोणाचा कोन! सहावी-सातवीतली गोष्ट! का आठवत नाही हिला? मला राहवेना. परीक्षक फाइलीत काही लिहायला वाकले आणि मी ओठ हलवले. साठ.

तिने साठ लिहिलं.

गाडी निघाली. एक बाजू काढली, जरासं वळली आणि बाहेरच्या बाहेर निघून गेली. पुन्हा जरासं वळली, आखलेल्या चौकटीच्या बाहेर पडून शेजारच्या शाळेच्या टेबलाखाली गेली. मैत्रीण वायर घेऊन गाडीमागे धावली. फरशीवर अर्धवट षटकोनासारखं काहीतरी उमटलं होतं.

"हा त्रिकोण नाही," परीक्षक म्हणाले.

मी घाईने मध्ये पडले. "सर, एका मोटारीत जरा दोष आहे, त्यामुळे..."

"मोटार बरोबर हाय, बाई," पोरगी मध्येच म्हणाली. "सकालपासून चौकोन बरोबर येतो ना?"

परीक्षकांनी फाइल मिटली. पोरगी खुर्चीतून उठली. चपला काढल्या. चौकटीत जाऊन उभी राहिली आणि चालायला लागली. पाच पावलं सरळ. मग थांबली. दुसरी बाजू कुठे जायला हवी तिकडे मान वळवून बघितलं आणि त्या दिशेला हळूहळू सगळं अंग फिरवलं. फिरत राहिली, फिरत राहिली. जवळजवळ आली होती तिकडेच तोंड झालं. मला ते दिसलं. किती वळली होती ती! साठापेक्षा कितीतरी जास्त.

तिने तिन्ही बाजू चालून पूर्ण केल्या, शेवटचं वळण घेतलं आणि जिथून निघाली तिथेच पुन्हा तोंड करून उभी राहिली. मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "साठ आतला कोन हाय. मी तर भाईरनं वलते. तीन वेला वलले आनि परत हितंच बघते. म्हंजे पुरी एक गिरकी. गिरकीचे तीन भाग."

तिने येऊन एकशेवीस लिहिलं.

गाडीने त्रिकोण काढला. शेवटचं टोक पहिल्या टोकाला दोन बोटं कमी पडलं. परीक्षक वाकून त्या फटीकडे बघत म्हणाले, "हे अंतर का राहिलं?"

"डावं चाक दमतं, सर. दुपारनंतर."

ते हसले नाहीत. फाइल पुन्हा उघडली, काहीतरी लिहिलं आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

आम्हाला उत्तेजनार्थ प्रमाणपत्र मिळालं. त्यावर शाळेचं नाव होतं आणि मार्गदर्शक म्हणून माझं. तिचं नाव नव्हतं. मी आयोजकांकडे जाऊन विचारलं, तर विद्यार्थ्यांची नावं घालायला जागा नसते, म्हणाले. मी तिथल्या तिथे पेनाने तिचं नाव खाली लिहिलं. शाई वाळेपर्यंत हेडसरांनी प्रमाणपत्र धरून ठेवलं.

परतताना खाडीपुलावर ती अचानक म्हणाली, "बाई, तुमी मना मुद्दाम साठ सांगितलंत ना? पारखायला?"

मला नुसतं हसून मान डोलवता आली असती. तिने स्वतःहून मला वाट करून दिली होती. पुढच्या सीटवर हेडसर होते, त्यांचे कान आमच्याकडे होते, हे मला कळत होतं.

"नाही गं," मी म्हणाले. "मला खरंच साठ वाटलं. मी चुकले. आणि सांगायला नको होतं, तेही चुकलं."

ती पुलाखालच्या पाण्याकडे बघत होती. तिकडे बघतच म्हणाली, "मनापन पयले साठच वाटलेलं."

सोमवारी मी वर्गात हे जसंच्या तसं सांगितलं. मुलं आधी अवघडली, मग त्यांना मजा वाटली. आम्ही मैदानावर गेलो आणि पंचकोन, षटकोन, अष्टकोन चालून बघितले. बाहेरच्या कोनांची बेरीज नेहमी तीनशे साठ येते हे प्रमेय पुस्तकात पुढच्या वर्षी होतं. त्या वर्गाला ते कधी पाठ करावं लागलं नाही.

सगळं असंच गोड होत गेलं असं मात्र नाही. दोन वर्षांत एका यंत्राचा कळफलक गेला. दुरुस्तीला कळवलं, स्मरणपत्रं पाठवली, कोणी आलं नाही. मग दुसऱ्याची स्क्रीन गेली. योजना संपली म्हणे. त्या खोलीत क्रीडासाहित्य आलं. मी हेडसरांशी भांडले. नवे कॉम्प्युटर मागणारं माझं पत्र त्यांनी स्वतःच्या सहीने वर पाठवलं, एवढंच.

पोरगी दहावी पास झाली. गणितात बरे मार्क, बाकी जेमतेम. निकालानंतर तिची आई शाळेत आली. हातात पिशवी, पदर खोचलेला, उभ्यानेच बोलली. "बाई, ही कॉम्प्युटर कॉम्प्युटर करते. घरची तिच्या लग्नाचं बोलतान. त्या कॉम्प्युटरात नोकरी हाय का?"

मला 'हो' म्हणायचं होतं. जीभ तिथपर्यंत आली होती. "मला माहीत नाही," मी म्हणाले. "पण हिला ते येतं. हिच्याएवढं माझ्या वर्गात कोणालाच येत नाही."

आईने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "मंग फारम कुठं मिलते?" तिने विचारलं.

इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाचा फॉर्म आणायला मी पोरीबरोबर गेले. रांगेत मुली दोनच. खिडकीतल्या क्लार्कने फॉर्म देता देता सल्ला दिला, "टायपिंग-स्टेनो बघा की हिच्यासाठी." पोरीने फॉर्म त्याच्या हातातून घेतला आणि म्हणाली, "टायपिंग येते मना." यादी लागेपर्यंतचे आठ दिवस मी कसे काढले ते माझं मलाच माहीत. घरातले सगळे डबे घासून झाले. यादीत तिचं नाव खालून चौथं होतं.

पहिल्या वर्षी तिचा एक पेपर राहिला, गणिताचाच. मला तोंड दाखवायला आली नाही, हे मला फार लागलं. दुसऱ्या खेपेला सुटला. पुढे तुर्भ्याच्या बाजूला कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्या एका लहानशा कारखान्यात ती कामाला लागली. पेढे घेऊन आली त्या दिवशी मी घरी नव्हते. नवऱ्याशी तासभर बोलत बसली, रिले आणि मोटारी यांच्याबद्दल. मी आले तेव्हा ती नुकतीच निघाली होती. मी पर्स न ठेवताच स्टॉपवर धावले. बस सुटत होती आणि ती खिडकीतून हात करत काहीतरी ओरडून सांगत होती, ते मला काही ऐकू आलं नाही.